फटीचा धनी कोण?

२०२५ च्या ऑगस्टअखेर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात, दोन बालकांना उंदरांनी चावे घेतले. पुढच्या काही दिवसांत दोन्ही बालके दगावली. मृत्यूचे कारण चावे नसून बालकांचे मूळचे गंभीर आजार होते, अशी भूमिका रुग्णालयाने मांडली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. परिचारिकांचे निलंबन झाले, पेस्ट कंट्रोलच्या ठेकेदाराला दंड झाला.

हा क्रम देशाला नवा नाही. आंध्र प्रदेशातील गुंटूरच्या शासकीय रुग्णालयात २०१५ मध्ये उंदरांनी चावलेले दहा दिवसांचे अर्भक मरण पावले. मुंबईच्या राजावाडी रुग्णालयात २०२१ मध्ये अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या डोळ्यापाशी उंदराने कुरतडले. वरंगळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात २०२२ मध्ये पुन्हा तेच घडले, तेही अतिदक्षता विभागातच. दरवेळी बातमी येते, चौकशी समिती नेमली जाते, कोणी तरी निलंबित होते आणि विष पेरणाऱ्या कंपनीला जाब विचारला जातो. त्या खोलीपर्यंत उंदीर नेमका कोणत्या वाटेने पोहोचला, हा सर्वांत साधा प्रश्न मात्र अहवालात क्वचितच मुख्य जागी असतो. त्याचे उत्तर औषधाच्या डब्यात नाही. ते भिंतीत, छतात, दाराच्या खालच्या फटीत आणि सांडपाण्याच्या पाइपात आहे. आणि ती फट कोणत्याच खात्याच्या मालकीची नसते.

उंदरांचा प्रश्न हा मुळात बांधकामाचा प्रश्न आहे, हे भारताला इतर कोणत्याही देशाने शिकवण्याची गरज नाही. ते मुंबईतच, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, प्रयोगाने दाखवले गेले होते. त्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी ज्याच्याविषयी बोलायचे तो प्राणी नीट ओळखणे आवश्यक आहे, कारण ‘उंदीर’ या एका शब्दाखाली भारतीय शहरांत किमान चार-पाच वेगळे प्राणी नांदतात.

पहिला काळा उंदीर. याचे मूळ भारतीय उपखंडातलेच मानले जाते. शेपटी शरीराहून लांब, अंग सडपातळ, चढण्यात निष्णात. झाडावरून पत्र्यावर, तारेवरून गच्चीवर, कौलांतून माळ्यावर असा त्याचा प्रवास वरून खाली होतो. दुसरा तपकिरी उंदीर. हा आशियाच्या उत्तर भागातून जहाजांबरोबर जगभर पसरला. अंगाने जाड, शेपटी तुलनेने आखूड, बिळे खणणारा, गटारात राहणारा आणि उत्तम पोहणारा. तो खालून वर येतो. तिसरी घूस, लहान आणि मोठी अशा दोन जातींची. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुकरासारखा उंदीर या शब्दावरून गेला, हे अनेकांना ठाऊक नसते. घूस जमीन पोखरते. फरशीखालची माती काढून टाकते आणि एके दिवशी फरशी खचते. चौथा घरातला चिमुकला उंदीर, जो पुस्तकांच्या कपाटात आणि गॅसच्या शेगडीमागे संसार थाटतो. चिचुंद्रीला बरेच जण याच यादीत घालतात, पण ती कृंतक नाही, कीटकभक्षी आहे. तिचा मुख्य आहार झुरळे आणि किडे हा असतो.

प्राणी वेगळा की वाट वेगळी, आणि वाट वेगळी की उपाय वेगळा. गटाराचे झाकण पक्के केले म्हणून काळा उंदीर थांबत नाही, आणि गच्चीवरची फांदी छाटली म्हणून घुशीला फरक पडत नाही. तरीही बहुतेक निविदांमध्ये ‘उंदीर नियंत्रण’ एवढाच उल्लेख आणि त्यापुढे चौरस फुटांचा दर असतो.

आता त्याचे शरीर. उंदराची हाडे दुमडतात, कवटी चपटी होते, अशा गोष्टी समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. त्या खऱ्या नाहीत. प्रौढ उंदराच्या कवटीची हाडे पक्की सांधलेली असतात, ती दबत नाहीत. खरी गोष्ट अशी की शरीराचा सर्वांत अडचणीचा भाग डोकेच असते. खांदे अरुंद, बरगड्यांचा पिंजरा लवचीक, त्यामुळे जिथून डोके गेले तिथून बाकीचे शरीर बहुधा ओढून घेता येते. म्हणूनच फटीचे माप महत्त्वाचे ठरते. पूर्ण वाढलेल्या उंदराला सुमारे २० मिलिमीटरची वाट पुरते, अल्पवयीन उंदराला १२ मिलिमीटरची आणि घरातल्या चिमुकल्या उंदराला ६ ते ७ मिलिमीटरची.

त्याचे दात हे दुसरे हत्यार. समोरचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्यावर कठीण लुकण, म्हणजे एनॅमल, फक्त पुढच्या बाजूला असते. मागची बाजू मऊ असल्याने लवकर झिजते आणि धार आपोआप लागत राहते. लुकणात लोहाचा अंश असतो, त्यामुळे दात नारिंगी दिसतात. कुरतडताना ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे भुसा तोंडात जात नाही. लाकूड, प्लास्टिक, रबर, शिसे, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, कच्चा चुना, कमी सिमेंटचा गिलावा यांपैकी काहीच त्याला कायमचे अडवू शकत नाही. मात्र दाताला टेकायला कड लागते. गुळगुळीत, सपाट, अखंड पृष्ठभागावर त्याचा दात लागत नाही. इमारतीतली प्रत्येक अर्धवट बुजवलेली फट ही त्याच्यासाठी तशी एक कड असते.

तिसरी गोष्ट त्याच्या सवयीची. उंदराची नजर अधू असते. तो मिशांनी आणि अंगाच्या स्पर्शाने वाट ओळखतो, म्हणून भिंतीला चिकटून धावतो. रोजच्या वाटेवर अंगाच्या तेलाचा काळपट पट्टा उमटतो. नव्या वस्तूचा त्याला संशय असतो. काल नसलेला पिंजरा किंवा आमिष आज दिसले की तो काही दिवस ते टाळतो, आणि विषाचा थोडा अंश खाऊन आजारी पडला तर त्या चवीकडे पुन्हा वळत नाही. विष पेरून लगेच यश मिळाल्याचे जे अहवाल येतात, ते वाचताना हा स्वभाव ध्यानात ठेवलेला बरा.

या प्राण्याच्या नजरेने एखादे नेहमीचे शासकीय रुग्णालय पाहावे. इमारत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. बांधली तेव्हा तिच्यात वातानुकूलन नव्हते, ऑक्सिजनची वाहिनी नव्हती, संगणकाच्या तारा नव्हत्या. पुढे प्रत्येक सोयीसाठी भिंतीला भोक पाडले गेले. तारेची जाडी बोटाएवढी आणि भोक मुठीएवढे, कारण छिन्नी-हातोड्याने पाडलेले भोक तसेच पडते. काम करणारा तार ओढून बिल लावून गेला. भोक बुजवणे त्याच्या कामात लिहिलेले नव्हते. खिडकीतला जुना एसी काढला, त्या जागी प्लायवूडचा तुकडा ठोकला. वरून सगळे झाकावे म्हणून फॉल्स सीलिंग आले आणि छत व सीलिंग यांच्यामध्ये एक अंधारा, उबदार, माणसांपासून सुरक्षित असा माळा तयार झाला, जो वॉर्ड, शस्त्रक्रियागृह आणि स्वयंपाकघर यांना एकमेकांशी जोडतो. खालच्या मजल्यावर दोन वॉर्डांमध्ये भक्कम भिंत असेल. तिच्या वर, सीलिंगच्या पोकळीत, ती भिंत बहुधा छताला भिडलेलीच नसते.

पाइपांचा डक्ट हा दुसरा राजमार्ग. सांडपाण्याचे पाइप आणि भिंत यांच्यातल्या अरुंद जागेत पाठ भिंतीला आणि पाय पाइपाला लावून उंदीर सरळ वर चढतो. फुटलेल्या चेंबरातून तो पाइपाच्या आतूनही येतो. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साचलेले असते, ते दुर्गंधी अडवण्यासाठी. वापर नसलेल्या न्हाणीत ते पाणी आटते आणि उरते ती कोरडी, मोकळी नळी. पाणी असले तरी तपकिरी उंदराला बुडी मारून पलीकडे जाणे अशक्य नाही. संडासाच्या भांड्यातून उंदीर वर येतो ही दंतकथा नाही. ट्रॅपवरची जाळी बहुतेक ठिकाणी साफसफाईच्या वेळी काढून बाजूला ठेवलेली आढळते, कारण ती स्क्रूने घट्ट बसवलेली नसते आणि केस-कचऱ्याने तुंबते.

दारांविषयी तर काय सांगावे. जुन्या घरांना उंबरठा होता. तो धार्मिक संकेतांसाठी जितका होता तितकाच सरपटणाऱ्या आणि धावणाऱ्या पाहुण्यांसाठीही होता. रुग्णालयात स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची जाण्यासाठी उंबरठा काढावा लागला, हे योग्यच झाले. पण त्या जागी दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी आणि ब्रश बसवायचा असतो, हे राहून गेले. दार आणि फरशी यांच्यात बोटभर फट राहते. पावसाळ्यात आवारातली बिळे पाण्याने भरली की त्यातले रहिवासी कोरडी जागा शोधत निघतात आणि ती फट त्यांना सापडते. जुलै-ऑगस्टमध्ये अशा घटना का वाढतात, याचा शोध घेण्यासाठी मोठ्या समितीची आवश्यकता नसावी.

परळचा प्रयोग समजून घेण्यासाठी १८९६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आली आणि पुढे देशभर पसरली. रोग हवेतून येतो, मातीतून येतो, घाणीतून येतो अशी अनेक मते होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने उंदरावरची पिसू रोग वाहून नेते असे प्रयोगाने सुचवले, पण बराच काळ त्याच्यावर विश्वास बसला नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे जिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले तिथे, हा वाद मिटवला. त्यासाठी केलेल्या प्रयोगांपैकी एक प्रयोग इमारतींचाच होता.

आयोगाने सहा छोट्या खोल्या बांधल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त छपराचा. दोन खोल्यांवर साधी देशी कौले, ज्यांच्या पोकळ्यांत उंदीर आनंदाने राहतात. दोन खोल्यांवर सपाट मंगलोरी कौले, जिथे उंदरांना राहता येते पण तितके सोयीचे नसते. उरलेल्या दोन खोल्यांवर पन्हाळी पत्रा, जिथे त्यांना थाराच नाही. छपराखाली तारेची जाळी ताणली होती, अशी की उंदीर किंवा त्याची विष्ठा खाली येऊ नये, पिसू मात्र पडू शकावी. उंदरांना छपरात वस्ती करायला पुरेसा अवधी दिला गेला आणि मग खाली प्लेग टोचलेले व निरोगी गिनीपिग एकत्र सोडले गेले. जिथे वरून पिसवा पडल्या तिथे निरोगी प्राणी आजारी पडून मेले. पिसवा जितक्या अधिक तितका रोगाचा वेग अधिक. जिथे पिसवा नव्हत्या तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकाच घाणीत, एकमेकांचे उष्टे खात राहिले, तरी साथ पसरली नाही.

शास्त्राच्या इतिहासात हा प्रयोग पिसूसाठी ओळखला जातो, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याची मांडणी पुन्हा पाहावी. संशोधकांनी बदलून पाहिलेली गोष्ट होती छपराची बांधणी. तेच हवामान, तेच शहर, तेच उंदीर. छप्पर बदलले आणि खाली राहणाऱ्याच्या जिवाचा धोका बदलला. घराची रचना हा आरोग्याचा घटक आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांना शिकवला जातो?

हा धडा जावा बेटावर मोठ्या प्रमाणात वापरला गेला. तिथे १९११ च्या सुमारास प्लेग आला, तेव्हा घरांच्या पोकळ बांबूंच्या तुळयांत उंदरांची घरटी आढळली. डच वसाहतीच्या सरकारने पुढच्या काळात लाखो घरांची बांधणी बदलायला लावली. त्या मोहिमेत सक्ती होती, खर्चाचा बोजा गरिबांवर पडला आणि लोकांचा रोषही ओढवला. ती जशीच्या तशी आदर्श मानण्याजोगी नाही. तरी तिथल्या प्रशासनाने समस्या योग्य जागी पाहिली होती, हे मान्य करावे लागते.

भारतात मात्र पुढे भर मारण्यावर राहिला. मारणे मोजता येते, हे त्याचे एक कारण. मुंबई महापालिकेच्या रात्रपाळीतील मूषक संहारकांना रात्री ३० उंदीर मारण्याचे लक्ष्य असते. काठी आणि विजेरी घेऊन गल्लीबोळांत ते करत असलेले काम अत्यंत कष्टाचे आहे आणि त्यांच्याविषयी अनादराचा शब्दही निघू नये. प्रश्न मोजमापाचा आहे. व्हिएतनाममधील हनोई येथे १९०२ मध्ये फ्रेंच प्रशासनाने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवले. थोड्याच दिवसांत शेपटी नसलेले जिवंत उंदीर शहरात फिरताना दिसू लागले आणि काहींनी उंदीर पाळायला सुरुवात केली. मुंबईतच, २०१८ मध्ये, मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा आकडा विधानसभेत गाजला. नंतर खुलासा झाला की तो आकडा मेलेल्या उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा होता. हसू येणे स्वाभाविक आहे. पण खुलासा मान्य केला तरी त्या नोंदीत मेलेले उंदीर मोजलेले नव्हते आणि बंद केलेली एकही फट मोजलेली नव्हती. मोजली गेली ती खर्ची पडलेली गोळी.

मारून संख्या का घटत नाही, याचे उत्तर परिसंस्थाशास्त्राने १९४० च्या दशकातच दिले होते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांमधल्या उंदरांच्या संख्येचा मागोवा घेतला. उंदीर मारल्यावर संख्या काही काळ घसरे आणि पुन्हा पूर्वपदावर येई, कारण अन्न आणि निवारा तेवढाच राहिलेला असे. जिथे कचरा आवरला गेला आणि पडकी बांधकामे दुरुस्त झाली, तिथे संख्या उतरली ती टिकून राहिली. मादी साधारण तीन आठवड्यांत वितेे, एका वेतात सहा-आठ पिले सहज होतात आणि ती दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. रिकामी झालेली जागा भरायला त्यांना वेळ लागत नाही. कोलकात्याच्या धान्य गोदामांतील लहान घुशीचा जेम्स स्पिलेट यांचा अभ्यास १९६८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केला. म्हणजे भारतीय गोदामांविषयीचे पायाभूत ज्ञानही अर्धशतकाहून जुने आहे.

विषाची स्वतःची किंमत आहे, ती वेगळीच. रक्त गोठू न देणारी विषे उंदरातून गव्हाणी घुबडापर्यंत पोहोचतात. पिवळ्या फॉस्फरसचे मलम माणसाच्या पोटात गेले तर यकृत निकामी करते. दक्षिणेतील रुग्णालयांनी असे मृत्यू वर्षानुवर्षे पाहिले आहेत. विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो आणि दुर्गंधी आठवडाभर राहते. आणि प्लेगच्या साथीत तर आधी उंदीर मारणे धोक्याचे असते, कारण मेलेल्या उंदरावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून आधी पिसवांचा बंदोबस्त करायचा असतो. साथ किंवा प्रचंड उपद्रव असताना विष आणि पिंजरे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु फटी उघड्या ठेवून विष पेरत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणे.

२०२५ च्या प्रारंभी ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जगातील १६ शहरांच्या नोंदी तपासून त्यात दाखवले गेले की ११ शहरांत उंदीर वाढत आहेत, आणि जिथे तापमान अधिक वाढले, वस्ती दाटली व हिरवळ घटली तिथे वाढ अधिक दिसते. त्या १६ शहरांत भारतातले एकही नाही. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने ठेवलेल्या नोंदींशिवाय असा अभ्यास होऊ शकत नाही. केवळ मारलेल्या उंदरांची बेरीज ठेवल्याने महापालिकेचे कष्ट कळतात, उंदरांची संख्या कळत नाही. उष्ण, दाट आणि वेगाने बांधल्या जाणाऱ्या शहरांच्या देशात ही उणीव साधी म्हणता येणार नाही.

पूर्वी हे भान होते. अरुणाचल प्रदेशातील आदी आणि गालो समाजांची धान्यकोठारे लाकडी खांबांवर उभी असतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्याशी लाकडाची रुंद गोल चकती बसवलेली असते. उंदीर खांब चढतो, चकतीच्या खालच्या पृष्ठभागाशी अडतो आणि परत फिरतो. हीच चकती, धातूची, बंदरात उभ्या जहाजाच्या दोरखंडांवर दिसते. जहाजांच्या बाबतीत जगाने हा विषय गंभीरपणे घेतला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार जहाजाला स्वच्छतेचे प्रमाणपत्र बाळगावे लागते, त्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि तपासणीत उंदरांच्या खुणा पाहिल्या जातात. कोळसा वाहणाऱ्या जहाजाला जे लागू आहे ते नवजात बालकांच्या कक्षाला का लागू नसावे? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा थर असतो आणि खालचा भाग पक्क्या विटांचा, कारण घूस तिथूनच पोखरते. गावातल्या शेतकऱ्याच्या गव्हासाठी जो विचार झाला, तो तालुक्याच्या प्रसूतिगृहासाठी झालेला क्वचितच दिसतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. तो फार टिकत नाही. दाराच्या तळाला जस्ताचा पत्रा, ६ मिलिमीटरहून बारीक छिद्रांची पोलादी जाळी, पाइपांभोवतीच्या भोकांत पोलादी लोकर कोंबून त्यावर सिमेंट, ट्रॅपला स्क्रूची जाळी, गटाराच्या जोडणीत एकाच दिशेने उघडणारी झडप, उभ्या पाइपांना पत्र्याचे शंकू, पायालगत जमिनीखाली दोन फूट खोल आणि तळाशी बाहेर वळलेली काँक्रीटची पट्टी: यात काहीच परदेशातून आणावे लागत नाही. जुने गवंडी बिळात सिमेंटबरोबर काचेचा चुरा भरत, ती युक्तीही वाईट नव्हती. हल्ली सर्रास वापरला जाणारा फुगणारा फोम मात्र उंदीर एका रात्रीत कुरतडतो. तो भरून काम झाले म्हणणे ही फसवणूक आहे. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आतले उंदीर पिंजऱ्यांनी काढायचे, खुणा थांबल्याची खात्री करायची, मग शेवटच्या वाटा बंद करायच्या, नाही तर ते भिंतीत कोंडले जातात.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. देशातल्या कोट्यवधी लोकांची घरे पत्रा, ताडपत्री, फळ्या आणि कच्च्या विटांची आहेत. तिथे फट बुजवण्याची भाषा थट्टेसारखी वाटेल. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने मालकाच्या भिंतीवर खर्च का करावा, हेही खरे. वस्त्यांमध्ये घर घट्ट करण्याआधी कचरा रोज उचलला जाणे आणि गटारे झाकली जाणे हा पहिला टप्पा, आणि तो पूर्णपणे पालिकेचा आहे. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू उंदराच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो आणि त्या पाण्यातून चालावे लागणाऱ्यांनाच गाठतो, हे मुंबईने २००५ च्या जुलैतील महापुरानंतर पाहिले. पण हा आक्षेप सार्वजनिक रुग्णालये, शाळा, वसतिगृहे आणि धान्य गोदामांना लागू होत नाही. त्यांची मालकी निश्चित आहे, अभियंता नेमलेला आहे, दुरुस्तीचा निधी अंदाजपत्रकात असतो.

नसते ती जबाबदारीची रेघ. पेस्ट कंट्रोलचा ठेका आरोग्य प्रशासन देते, भिंत सार्वजनिक बांधकाम विभागाची, गटार पालिकेचे, तारा विद्युत शाखेच्या, ऑक्सिजनची वाहिनी आणखी कोणाची. उंदीर या सगळ्यांच्या हद्दी ओलांडून येतो आणि सापडतो तो परिचारिकेच्या पाळीत. भिंतीला भोक पाडणाऱ्या प्रत्येक कामाच्या बिलाला ते भोक बुजवल्याचे छायाचित्र जोडणे सक्तीचे केले, तरी पुष्कळ फरक पडेल. उंदीर नियंत्रणाच्या निविदेत गोळ्यांच्या संख्येऐवजी शोधलेल्या आणि बंद केलेल्या वाटांची यादी मागता येईल. न्यायालयांनीही अशा प्रकरणांत इमारतीचे परीक्षण मागवायला हवे. मथुरेच्या पोलिसांनी २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले होते की गोदामातला पाचशे किलोंहून अधिक गांजा उंदरांनी खाल्ला. त्याचा पुरावा न्यायालयाने मागितला, हे योग्यच झाले. उंदरावर ठपका ठेवला गेला की तो आत कसा आला, हेही त्याच वेळी विचारता आले असते.

विद्यार्थ्यांना या विषयात प्रयोगशाळेबाहेर करण्याजोगे बरेच आहे, आणि साहित्य घरातलेच लागते. साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाडीची असते. वसतिगृहाच्या खाणावळीत ज्या फटीतून ती सहज आत जाते, तिथून चिमुकला उंदीर जाऊ शकतो. अशा फटींची मजल्यावार यादी करावी. बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा हलकेच कोंबून ठेवावा. दोन रात्रींत तो जागचा हलला तर बीळ वापरात आहे. संध्याकाळी भिंतीच्या कडेने खडूच्या भुकटीचा पातळ पट्टा पसरावा आणि सकाळी विजेरी तिरकी धरून पाहावे. पुढच्या पावलाचा ठसा चार बोटांचा, मागच्याचा पाच बोटांचा, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. ती रेघ ज्या दिशेने जाते तिथे भिंतीत कुठे तरी वाट असते. तिचे माप घ्यावे, छायाचित्र काढावे आणि तारीख घालून लेखी अर्ज इमारतीच्या अभियंत्याच्या टेबलावर ठेवावा.